दोन समुद्रांमधले दोन व्याही

३ एप्रिल

पाय कामातून गेले! मांड्या माझ्या नाहीतच — कुणीतरी ओंडके आणून जोडलेत. पालथा पडून लिहितोय, कारण बसायची सोय उरलेली नाही. सायकलच्या सीटने पहिल्याच दिवशी हिसका दाखवला.

शेजारच्या पलंगावर व्याही घोरतायत. बाहेर अजून लख्ख उजेड आहे आणि हे ढाराढूर! जन्मभर दाताचे डॉक्टर म्हणून लोकांना "आ करा" म्हणत आले, आता स्वतःच आ करून पडलेत.

सकाळी धक्क्यावरून निघालो. रस्ता संपेल तिथे पलीकडचा समुद्र. मध्ये अख्खं खंड — डोंगर, पठार, सरहद्दी, काय काय. नकाशावर वीतभर दिसतं.

मी लिफ्टवाला. नोकरीभर शाफ्टमध्ये वर-खाली केलं. निघताना व्याही म्हणाले, "तुमचं उभं आयुष्य झालं, आता जरा आडवं घालवू!" स्वतःच्याच विनोदावर इतके हसले की हँडल सुटलं.

हिचा फोन आला होता. "गुडघ्यांना तेल लावलंत का?" लावलं म्हणालो. नव्हतं लावलं.

५ एप्रिल

व्याही मागे राहतात. चढ आला की सरळ उतरतात आणि सायकलशी बोलत बोलत चालत येतात. "चल गं बाई, एवढा एक. मग मी तुला काही मागणार नाही." मी वर थांबतो. पोचले की सायकल आडवी टाकतात, स्वतः आडवे होतात आणि म्हणतात, "व्याही, तुम्ही माणूस नाही, यंत्र आहात."

सामान बघितलं त्यांचं. चार शर्ट, एक फुगवायची उशी — आणि दात बघायचा आरसा! "हा कशाला?" तर म्हणे, "सवय."

६ एप्रिल

रविवार. आज जावयाकडे गेलो नाही. आमची लेक ठकी गेल्यापासून एकही रविवार चुकवला नव्हता.

तिथे जाऊन मी तसं काही करत नाही. बसतो. दाराच्या बिजागरीला तेल घालतो, गीझर बघतो, खिडकीचा खटका. जावई चहा करतो. दोघं पितो. तो भिंतीकडे बघतो, मी दाराशी ठेवलेल्या तिच्या चपलांकडे. निळ्या. एकीचा अंगठा झिजलेला. त्या जागच्या जागी असल्या की मला बरं वाटतं. कुणाच्या घरात का होईना, ती अजून आहे.

पुढचे कितीतरी रविवार आता हुकणार. जाऊ दे. चपला कुठे पळून जातायत?

११ एप्रिल

आरसा कामाला आला! रस्त्याकडेच्या धाब्यावर एक ट्रकवाला गाल धरून बसला होता. व्याही सूप अर्धं टाकून उठले. त्याला उन्हात खुर्चीवर बसवला, मान मागे केली, आरसा घातला. भाषा येत नाही एकमेकांची. "हा! हाच ना? दुखतो? हाच हरामखोर!" ट्रकवाला मान हलवतोय. मग लवंग-बिवंग काहीतरी दाबून दिलं आणि हातवारे करून बजावलं की पुढच्या शहरात काढून टाक. तो इतका खूश झाला की आम्हाला सायकलींसकट पुढच्या घाटावर नेऊन सोडायला निघाला. व्याही लगेच तयार! मी म्हटलं, नाही. खंड ओलांडायचं म्हणजे ओलांडायचं. त्यावर तोंड फुगवून बसले होते संध्याकाळपर्यंत.

ठकी त्यांना "आकरा डॉक्टर" म्हणायची. सासऱ्याला! आणि ते तिला "काय गं वात्रट" म्हणायचे. लग्नाआधी मला धास्ती होती, कसं होईल पोरीचं. विहीणबाई लवकर गेलेल्या, घरात हे दोन पुरुष, सासरा आणि नवरा. सहा महिन्यांत पोरीने दोघांना सरळ केलं.

१३ एप्रिल

वारा. फक्त वारा. बाकी लिहायला ताकद नाही.

१७ एप्रिल

आज मुक्कामाच्या खोलीबाहेर लिफ्ट होती. जुनी, जाळीच्या दाराची. आवाजावरून कळलं, दाराचा रोलर घासतोय.

आणि एकदम सगळं वर आलं. हॉस्पिटलात ठकीला ज्या दिवशी तपासायला वर नेलं त्या दिवशीही रोलर घासत होता. स्ट्रेचर आत गेलं, दार बंद झालं. मी खाली उभा. मुलगी वर चाललीये आणि मी रोलर ऐकतोय! म्हणजे त्या क्षणी मनात हेच — हा आज-उद्या अडकणार, कुणाला तरी सांगायला हवं. साधा ताप म्हणून आली होती. रक्ताचा आजार निघाला. तो पावसाळा काढला तिने, पुढचा नाही.

व्याहींना हे पहिल्यांदाच सांगितलं. त्यांनी माझी सायकल उलटी केली आणि चेन साफ करत बसले. त्यांना चेन साफ करता येत नाही. सगळं तेल शर्टाला.

मला वाटतं, हा माणूस नसता तर मी या दोन वर्षांत वेडा झालो असतो. ही सहलसुद्धा त्यांनीच काढली. हिवाळ्यात नकाशा घेऊन आले, टेबलावर पसरला. "व्याही, आता नाही तर कधी?" मी नाही म्हणत होतो. ही म्हणाली, "जा. खरंच जा." इतकी आग्रहाने म्हणाली की मलाच नवल वाटलं.

२२ एप्रिल

पहिली सरहद्द ओलांडली. शिक्का मारणाऱ्या बाईंनी आमच्याकडे बघितलं, सायकलींकडे बघितलं, परत आमच्याकडे. "भाऊ?" मी म्हटलं, नाही. व्याही कसं सांगायचं? व्याहींनी छातीवर हात ठेवला, म्हणाले, "माझा मुलगा", मग माझ्याकडे बोट — "यांची मुलगी", आणि दोन बोटं एकमेकांत अडकवली. बाई हसल्या. "ते कुठे आहेत?"

व्याहींनी बोटं सोडवली. मी म्हटलं, "घरी."

२६ एप्रिल

पठार लागलं. डोळ्यांना आडकाठी नाही. आज बऱ्याच दिवसांनी भूक लागली म्हणून जेवलो, वेळ झाली म्हणून नाही. उतारावर पेडलवरून पाय काढून दोन्ही बाजूंना पसरले, पोरासारखे. ओरडलोसुद्धा! मग लाज वाटली. मागे वळून बघितलं, व्याही लांब होते, पण त्यांनी बघितलं असणार.

हल्ली त्यांना फोन फार येतात. घेऊन लांब जातात, पाठ करून बोलतात. "जुने पेशंट हो. पिच्छा सोडत नाहीत." निवृत्त झाल्यावर? असेल बाबा.

१ मे

व्याही गप्प आहेत. दोनदा "व्याही, एक सांगू का" म्हणाले. मी "बोला" म्हटलं की "काही नाही, टायरमध्ये हवा कमी वाटते." आजारी तर नाहीत? विचारलं तर उडवून लावलं.

६ मे

झोप लागत नाही. म्हणून लिहितो.

मोठं शहर लागलं. दोन दिवस विश्रांती ठरली होती. दुपारी व्याही अंघोळीला गेले. त्यांचा फोन टेबलावर वाजला. नाव बघितलं — "विहीणबाई". म्हणजे ही! हिचा फोन त्यांच्या फोनवर? मला वाटलं माझा लागत नसेल. उचलला.

मी "हॅलो" म्हणायच्या आत ती म्हणाली, "सांगितलंत का त्यांना? आठवडा राहिलाय आता. तुम्हाला निघायलाही हवं ना लग्नाला."

मी फोन कानाशी घट्ट धरला.

"व्याही? ऐकताय ना?"

मी म्हटलं, "कुणाचं लग्न?"

"तुम्ही आहात होय," ती म्हणाली, आणि मला कळलं — जावयाचं.

व्याही टॉवेल गुंडाळून बाहेर आले, केसांतून पाणी गळतंय, गाणं गुणगुणतायत. माझ्या हातात फोन बघितला आणि गाणं थांबलं. पलंगाच्या कडेला बसले. गादी ओली झाली.

"तर यासाठी आणलंत मला," मी म्हटलं. "अडगळ बाजूला काढली. घर मोकळं!"

"व्याही —"

"हो की नाही, तेवढं सांगा."

"हो." मग म्हणाले, "आणि नाहीसुद्धा. मला यायचंही होतं तुमच्याबरोबर. रोज ठरवायचो, आज सांगू. चढावर सांगू म्हटलं तर तुम्ही पुढे गेलेले. उतारावर सांगू म्हटलं तर तुमचा चेहरा जरा उजळलेला. कसं सांगणार होतो?"

"दोन वर्षं झाली फक्त."

"माझं पोरगं आहे हो ते. एकटं जेवतं. ताट घेऊन ओट्याशी उभं राहून जेवतं. मला नाही बघवत."

"माझीही पोरच होती," मी म्हटलं.

त्यांनी टॉवेलचं टोक तोंडावर धरलं. मी चप्पल घालून बाहेर पडलो. अंधार पडेपर्यंत बस डेपोसमोरच्या बाकावर बसलो होतो. बसेस येत होत्या, जात होत्या. एकीतही बसलो नाही.

७ मे

सकाळी सामान बांधलं. व्याही जागेच होते, रात्रीचेच कपडे अंगावर.

"मी तिकीट काढलंय," म्हणाले. "उद्याचं विमान. तुम्हीही चला. एक तिकीट काढायला काय लागतं? त्याला फार बरं वाटेल. तो तुमच्या शब्दासाठी अडून बसला होता. वर्षभर."

"तुम्ही जा."

"आणि तुम्ही?"

"समुद्र."

"एकटे? व्याही, वेड लागलंय का? पुढे डोंगर आहे, तुमचं वय —"

"तुमच्या मुलाचं लग्न आहे. जा तुम्ही. शोभून दिसाल."

वाईट बोललो. सायकल जिन्यावरून उतरवताना पेडल पायावर आपटलं. ते खिडकीत उभे होते. मी हात केला नाही.

८ मे

फोन बंद ठेवतो. संध्याकाळी चालू करून हिला गावाचं नाव पाठवतो आणि परत बंद. गावाचं नाव, बास. मी मेलेलो नाही एवढं तिला कळलं म्हणजे झालं.

१० मे

राहवलं नाही. फोन केला.

"तुला केव्हापासून माहीत होतं?"

"तो आधी माझ्याकडेच आला विचारायला. स्वयंपाकघरात उभा राहून रडला. म्हणाला, आई, मी काय करू?"

"मग माझ्याकडे का नाही आला?"

"तुमच्याकडे यायची हिंमत आहे का कुणाची?" तिचा आवाज चढला. कधी चढत नाही. "दर रविवारी जाऊन बसता. तिच्या चपला जागच्या हलल्या का ते बघता. एकदा त्याने त्या कपाटात ठेवल्या तर तुम्ही काही न बोलता काढून परत दाराशी ठेवल्यात. आठवतं? तो पोरगा त्या घरात पाहुण्यासारखा राहतोय हो. श्वास कधी घेणार तो?"

मला आठवत होतं.

"मी जाणार आहे लग्नाला," ती म्हणाली.

"तू?"

"त्याला आई नाही. मी जाणार."

"आणि ठकी?"

"ठकी माझ्याही पोटची होती," ती म्हणाली आणि तिनेच फोन ठेवला.

तंबू नीट लावता आला नाही आज. दोन खुंट्या तशाच सोडून दिल्या. रडलो. कधी थांबलो ते कळलं नाही.

१३ मे

आज जावयाचं लग्न.

दिवसभर वारा तोंडावर. मान खाली घालून पेडल मारत राहिलो. बरं झालं. वर बघायला नको. एका पुलावर थांबलो तेव्हा मनात आलं — आता रजिस्टरवर सह्या झाल्या असतील. ही कुठली साडी नेसली असेल? व्याही कोटात असतील, तोच राखाडी, पोटावर बसत नाही तो. सगळ्यांना हसवत असतील.

चपला हलल्या असतील आज. नव्या बाईला सांगणार तरी काय, या कुणाच्या?

लग्नात ठकीचं नाव कुणी घेतलं असेल का?

१४ मे

निजून राहिलो. घरमालकीण पाव आणि उकडलेली अंडी दारात ठेवून गेली. खाल्ली नाहीत.

१६ मे

डोंगर सुरू. एवढा चढ पाहिला नव्हता. दर वळणावर वाटतं हे शेवटचं, आणि पुढे आणखी एक. चालत गेलो, सायकल ढकलत. मध्येच माझ्या तोंडून गेलं, "चल गं बाई." दचकलो!

माथ्यावर सवयीने थांबलो. सायकल टेकवली, पाण्याची बाटली काढली, मागे बघितलं. रस्ता रिकामा. एक मेंढपाळ आणि त्याचं कुत्रं, बस्स. तरी थांबलो. कशाला थांबलो? घाम सुकून थंडी वाजायला लागली तेव्हा उतरलो.

१९ मे

राग अजून आहे. पण तो कुणावर ते आता नीट सांगता येत नाही. व्याहींवर धरतो तर त्यांचा तो ओला चेहरा दिसतो. जावयावर धरतो तर ओट्याशी उभं राहून जेवणारा पोरगा. हिच्यावर धरायला जावं तर माझीच जीभ रेटत नाही. मग सायकलवर काढतो. आज एक स्पोक तुटला.

सायकल दुरुस्तीवाली बाई गंभीर चेहऱ्याची. चाक फिरवून बघितलं, दुसरे दोन घट्ट केले. म्हणाली, "वजन जास्त आहे तुमच्याकडे." सामान दाखवलं तर खांदे उडवले. एवढंच तर आहे!

२५ मे

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

डोंगरापलीकडच्या गावात उतरलो. तीन मजली हॉटेल, जुनी लिफ्ट. सकाळी नाश्त्याला खाली आलो तर गडबड. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली आणि आत एक म्हातारी. मॅनेजर बिचारा दार हाताने खेचत होता. मी ओरडलोच, "हात काढ!" त्याने काढला. आवाज कळतो माणसाला, भाषा कुठलीही असो.

त्याला मशीनच्या खोलीची चावी आणायला पाठवलं. चावी कुणाच्या तरी घरी. म्हणजे वेळ लागणार. आतून म्हातारी धापा टाकत होती. मी दारापाशी खाली बसलो. तिची भाषा मला अर्धीमुर्धी येते, या रस्त्यावर शिकलो तेवढी.

"आजी, खाली बसा. जमिनीवर. लिफ्ट पडत नाही. मी जन्मभर हेच काम केलंय."

"खरं?"

"खरं. बोलत राहा माझ्याशी."

मग तिने विचारायला सुरुवात केली. कुठून आलात, कशाला आलात. सायकलवर म्हटलं तर आतून हसली. "बायको सोडते कशी?" मग विचारलं, "मुलं?"

मी म्हटलं, "एक मुलगी आहे."

आहे. असंच तोंडातून आलं.

"काय करते?"

"नकाशे काढते. शहरांचे. नवीन रस्ते कुठून न्यायचे ते." हे खरं आहे. तेच करायची.

"लग्न झालंय?"

"झालंय. नवरा चांगला आहे. शांत आहे. सासरा तिला वात्रट म्हणतो." आणि मग थांबताच येईना मला. ती कशी हसते, चहा कसा सांडते, मला रागावते कशी, मोबाइल नीट धरा म्हणून. गेल्या महिन्यात तिने केस कापले, हेही सांगितलं! कुठून आलं हे? कोण कापणार केस? बोलतच गेलो. म्हातारी आतून "हं, हं" करत होती. तिच्या धापा थांबल्या होत्या.

चावी आली. वर गेलो, मेन स्विच बंद केला, मॅनेजरला ब्रेकचा दांडा धरायला लावला आणि चाक हाताने फिरवलं, हळूहळू. हात विसरले नव्हते. मजल्याची खूण जुळली. खाली येऊन दार उघडलं.

म्हातारी बाहेर आली. माझ्याहून वयाने बरीच मोठी, काठी घेतलेली. आभार मानायला माझ्याकडे बघितलं आणि बघतच राहिली. माझा चेहरा कसा होता कुणास ठाऊक. तिने काठी मॅनेजरच्या हातात दिली आणि दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं. धरून ठेवलं. सगळ्यांसमोर, नाश्त्याच्या खोलीच्या दारात.

दोन वर्षांत मला कुणी असं धरलं नव्हतं. कदाचित मीच धरू दिलं नव्हतं.

२६ मे

तिथेच राहिलो. मॅनेजरने खोली सोडूच दिली नाही. दाराचे रोलर बदलून दिले त्याला.

३० मे

सपाट रस्ता. उन्हात बटाट्याची शेतं, लांबच लांब. दिवसभर एकच वाक्य डोक्यात — मला मुलगी होती. पेडलच्या लयीत. मला, मुलगी, होती. पहिले दोन तास 'होती'वर लय चुकायची. मग नुसतं वाक्य राहिलं. संध्याकाळी एका विहिरीवर पाणी भरताना मोठ्याने म्हणून बघितलं. म्हणता आलं.

४ जून

हिला आज गावाच्या नावापुढे दोन शब्द जास्त पाठवले. "गुडघे बरे." लगेच उत्तर आलं — "तेल?"

बऱ्याच दिवसांनी हसलो. फोन मात्र परत बंद केला. जावयाचे कितीतरी मिस्ड कॉल दिसतात. त्याच्याशी बोलायचं काय? अभिनंदन म्हणायचं? जीभ उचलत नाही. उद्या करू म्हणतो आणि उद्याही असंच होतं.

९ जून

हवेला खारट वास! एका टेकडीवरून बारीक चकाकती रेघ दिसली. शेजारी कुणी असतं तर ओरडलो असतो. एकट्याने कसं ओरडायचं? एका गाईला सांगितलं.

१० जून

पोचलो.

समुद्रासमोरच्या रस्त्यावर खोली मिळाली, पहिल्या मजल्यावर. खिडकीतून पाणी दिसतं. करडं. लाटा फारशा नाहीत. एक माणूस जाळं झटकतोय. दोन बायका बाकावर बसून भांडतायत.

मला वाटलं होतं, इथे आलो की काहीतरी होईल. काय ते नक्की ठरवलं नव्हतं. रडू येईल, किंवा हलकं वाटेल, किंवा निदान पाय तरी थांबतील. काही झालं नाही. अख्खं खंड ओलांडलं आणि इकडेही ती नाही.

खाली पाण्यापर्यंत गेलोच नाही. खुर्चीत बसून राहिलो. मोजे वाळत घातले. समोर कुणी नाही जिला सांगू, किंवा ज्याला सांगू, की पोचलो. जिन्यावर कुणाचे पाय वाजले की उगाच कान टवकारले जातात.

उद्या जाईन पाण्यात.

११ जून

सकाळी फोन चालू केला. लगेच जावयाचा आला. या वेळी उचलला.

"बाबा?" अजून बाबाच म्हणतो. "पपा पोचले का तुमच्यापर्यंत? कालपासून त्यांचा फोन लागत नाहीये."

मी म्हटलं, "ते तर लग्नाला आले ना तिकडे."

"नाही आले, बाबा. विमानतळापर्यंत गेले आणि परत फिरले. आईंनी तुम्हाला सांगितलं नाही? — नको म्हणाले असतील पपाच. आई रोज संध्याकाळी तुमच्या गावाचं नाव त्यांना कळवतात. तुम्ही सकाळी सोडलेल्या गावात ते संध्याकाळी पोचतात. तुमच्या पुढे येत नाहीत. म्हणतात, त्यांना माझं तोंड बघायचं नाही, पण मागे कुणीतरी असलेलं बरं." मग थांबला. "मी खूप सांगितलं हो लग्नाला या म्हणून. तर म्हणाले, तुला बायको मिळतेय, मला सून मिळतेय. त्यांना मुलगी कुठून मिळणार? मी त्यांच्याजवळ थांबतो."

मी फोन मांडीवर ठेवला. तो "बाबा, बाबा" करत राहिला.

मग मी त्याला तिचं नाव विचारलं. त्याने सांगितलं. चांगलं नाव आहे. तसं म्हणालो त्याला. रडला.

म्हणजे तो डोंगर या माणसाने एकट्याने चढला! आणि मी माथ्यावर थांबून खाली उतरलो.

आदल्या गावच्या मुक्कामी फोन लावला. हो, म्हणाले, काल एक जाडे गृहस्थ आलेत. पाय सुजलाय. पलंगावर पडून आहेत, आणि आमच्या स्वयंपाक्याचे दात बघतायत.

सायकल वळवून ठेवली आहे. चाकात हवा भरतो आणि निघतो.